सांधेवाल्याचे कान

मी स्पष्टवक्ती आहे, असा माझा स्वतःबद्दल बरीच वर्षं समज होता. बँकेच्या तपासणी विभागात असल्यामुळे त्या समजाचा मला पगारही मिळत होता. चूक दिसली की सांगून मोकळं व्हायचं, मग समोर मॅनेजर असो की नणंद. मे महिन्यात कोलकात्याला बदली झाली, श्यामराव उकिडवे भेटले, आणि आपण किती भित्र्या आहोत ते मला कळलं.

श्यामराव शहात्तर वर्षांचे. मूळचे वाईचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागले, बदल्या होत होत गार्डन रीचच्या मुख्य कचेरीत आले, तिथूनच निवृत्त झाले आणि परत गेलेच नाहीत. बेहाल्यात तिसऱ्या मजल्यावर त्यांचा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. शेजारी त्यांना श्यामबाबू म्हणतात आणि ते मासे खात नाहीत म्हणून त्यांची मनापासून कीव करतात. उंच, काटक, खिशाला कायम स्क्रू-ड्रायव्हर. घरात त्यांच्याबरोबर शैलाकाकू आणि कमरेइतक्या उंचीचे दोन सागवानी स्पीकर. स्पीकरांची ओळख आधी झाली, काकूंची नंतर.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाण्याचा पेला हातात यायच्या आधी त्यांनी एका स्पीकरचं पाठीमागचं झाकण उघडून दाखवलं होतं.

"हे बघ मंजुषा, गाणं आत येतं ते एकाच रुळावरून. जाड आवाज, बारीक आवाज, सगळे एका गाडीत कोंबलेले. इथे हा क्रॉसओव्हर. हा आपला सांधेवाला. जाड आवाज खालच्या मोठ्या स्पीकरकडे वळवायचा, बारीक आवाज वरच्या चिमुकल्याकडे. आता हा वरचा असतो जरा उतावळा. म्हणून त्याच्या वाटेत हा रेझिस्टर टाकायचा. ब्रेक समज. ब्रेक जेवढा मोठा, तेवढा वरचा शांत."

"आणि ब्रेक कमी केला तर?"

"तर आवाज उजळतो," ते म्हणाले. "पण प्रमाणात. सगळा खेळ प्रमाणाचा आहे."

हे स्पीकर त्यांनी १९९९ साली इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी घरी बनवले. तेव्हापासून दर गणपतीत ते दोन बॉक्स आणि त्यांच्यामागे खुर्ची टाकून बसलेले श्यामराव, ही मंडळाची पद्धतच पडली. गणपतीच्या दोन-तीन महिने आधीच ते झाकणं उघडत. वरचा स्पीकर म्हातारा होतो, दरवर्षी थोडा मंदावतो, असं त्यांचं म्हणणं. मग चांदनी मार्केटला जाऊन नवा, आधीपेक्षा लहान रेझिस्टर आणायचा, सोल्डर करायचा आणि रविवारी मंडळातल्या चार लोकांना ऐकायला बोलवायचं. शैलाकाकूंचे पोहे, श्यामरावांचे स्पीकर. सुरुवातीचं पद नेहमी एकच असे, एका जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं. कुणा बाईंचा आवाज, मागे टाळ. ते संपलं की श्यामराव सगळ्यांकडे पाहत.

"कसं वाटतंय?"

आणि सगळे म्हणत, "वा!"

खरं सांगायचं तर ते वा म्हणण्यासारखं नव्हतं. ती बाई 'स' म्हणाली की कानात सुई जायची. टाळ वाजले की दाढा शिवशिवायच्या. मी दुसऱ्याच रविवारी डोकं धरून घरी आले. पण "वा" मीही म्हटलं. शहात्तर वर्षांचा माणूस, घामाघूम होऊन वायरी जोडतोय, आपल्या पुढ्यात त्याच्या बायकोनं केलेले पोहे, वर ओलं खोबरं. काय सांगणार? भीड ही भिकेची बहीण म्हणतात, तिचं मी आजवर तोंड पाहिलं नव्हतं. ती मला बेहाल्यात भेटली.

आमच्या मंडळाची गंमत अशी की इथे कुणी टिकत नाही. फोर्ट विल्यममधले फौजी, गार्डन रीचचे रेल्वेवाले, आम्ही बँकवाले, सेक्टर फाइव्हमधली संगणकवाली मुलं, सगळे दोन-तीन वर्षांचे पाहुणे. म्हणजे श्यामरावांचे श्रोते सतत नवे. पाच वर्षांपूर्वी हेच बॉक्स कसे वाजायचे, ते सांगायला कुणी शिल्लक नाही. प्रत्येक नव्या माणसाला वाटायचं, यांचं हे असंच असणार, आणि आपण नवखे, आपण कशाला बोला.

जुलैत मंडळाची बैठक झाली. येऊन दोन महिने झाले नव्हते तरी मला चिटणीस केलेलं होतं, कारण बाकी कुणी तयार नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं एक-दोघींनी म्हणूनही घेतलं. अध्यक्ष कौस्तुभ, सेक्टर फाइव्हचा, पस्तिशीचा, घाईचा.

"मागच्या वर्षी आरतीला झांजा सुरू झाल्या आणि पुढच्या दोन रांगा उठून व्हरांड्यात गेल्या," तो म्हणाला. "यंदा अर्ध्या लोकांनी मला आधीच विचारलंय, तेच बॉक्स असणार का? मी गरियातल्या एका साउंडवाल्याशी बोललोय. त्याला रविवारी संध्याकाळपर्यंत होकार द्यायचाय. त्याआधी कुणीतरी उकिडवेकाकांना सांगायला हवं."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू स्पष्ट बोलतेस ना," कौस्तुभ म्हणाला.

मला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. मंडळात श्यामरावांचं दुसरं काहीच नव्हतं. ते भाषण करत नाहीत, नाटकात नसतात, वर्गणी मागायला जात नाहीत. सव्वीस गणपती ते त्या बॉक्समागच्या खुर्चीत बसले. बॉक्स नसले तर खुर्ची नाही, आणि खुर्ची नसली तर हा माणूस हॉलवर यायचंच बंद करणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

रविवारी मी एकटीच गेले. वाक्य जोका मेट्रोत घोकलं होतं. "काका, एक सांगायचंय, रागावू नका." तेवढ्यात त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि पद लावलं. या वेळी आवाज आणखी टोकदार होता. पद संपलं.

"कसं वाटतंय?"

"वा!" मी म्हटलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पाणी पिण्याच्या निमित्तानं मी स्वयंपाकघराकडे पळाले. दार लावलेलं होतं. उघडलं तर शैलाकाकू पोह्यांना फोडणी देत होत्या आणि त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

"वारं जातं कानात," त्या घाईनं म्हणाल्या. मग माझं तोंड पाहिलं आणि हसल्या. "तुझंही दुखतंय ना डोकं? घे, कापूस आहे त्या डब्यात."

"काकू! किती वर्षं?"

"कापूस पाच-सहा वर्षं. दार लावून घेणं तर अगदी पहिल्यापासून."

"मग तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"त्यांनी विचारायला नको?" काकू म्हणाल्या. झारा हातात तसाच. "आल्यागेल्याला विचारतात. वॉचमनला बोलावून विचारलंय एकदा. मला नाही. लग्न झाल्यावर मी म्हटलं होतं, तुमचा रेडिओ खरखरतो. आठ दिवस बोलले नव्हते माझ्याशी. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की मला यातलं कळत नाही, आणि मी ठरवलं की बरं, नाही कळत." एवढ्यात त्या थांबल्या. "खाली घोषबाईंच्या कुकरचं रबर गेलंय. शिट्टी फुसकी येतेय बघ."

मला शिट्टीसुद्धा ऐकू आली नव्हती. या बाईला कापसातून तिचं रबर ऐकू येत होतं.

"आणि ते पद कुणाचं लावतात दर वेळी?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. दार लावलं की नुसती किणकिण येते."

बाहेर आले तर श्यामराव माझ्यासाठी वही काढून बसले होते. तपासणीवाली बाई आहे, नोंदी पाहून खूश होईल, असं त्यांना वाटलं असणार. निळ्या पुठ्ठ्याची वही, सुरेख अक्षर. डावीकडे साल, उजवीकडे वरच्या स्पीकरच्या वाटेतला ब्रेक, ओहममध्ये. १९९९ ला ८.२. २००४ ला ६.८. मग ५.६, ४.७, ३.३, २.२. २०२२ ला १. मागच्या वर्षी नुसतं लिहिलेलं, 'थेट तार'.

"म्हणजे आता ब्रेकच नाही?" मी विचारलं.

"नाही! तरी कमी पडतंय. म्हणून यंदा म्हटलं, खालच्या मोठ्यालाच दाबावा. आता तू ऐकलंस ना, तेच."

मी त्या रकान्याकडे पाहत राहिले. माणसाच्या तोंडावर मला खोटं बोलता आलं होतं, पण आकड्यांच्या तोंडावर मला आजवर कधी बोलता आलेलं नाही. तो माझा स्वभावच नाही.

"काका, सव्वीस वर्षं आकडा एकाच दिशेनं चाललाय," मी म्हटलं. "आमच्याकडे असं दिसलं की आम्ही नुसता माल तपासत नाही. मोजणाऱ्यालाही तपासतो."

"मोजणारा कोण?" श्यामराव सहज म्हणाले.

आयुष्यभर त्यांनी सिग्नल पाठवायचं आणि घ्यायचं काम केलेलं. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी वहीवर बोट ठेवलं, वरून खाली नेलं, परत वर नेलं. नंतर वही मिटली. मला वाटलं आता आठ दिवसांचा अबोला आपल्या वाट्याला आला.

"मंडळाला यंदा बॉक्स नकोत का?" त्यांनी विचारलं.

"नकोत म्हणतायत."

"कधीपर्यंत सांगायचंय?"

"आज संध्याकाळी."

"बुधवारपर्यंत थांबतील का विचार. पोहे खाऊन जा."

मी जिन्यातूनच कौस्तुभला फोन केला. साउंडवाला थांबणार नाही म्हणाला. मग मात्र माझा मूळ स्वभाव मला परत सापडला. बुधवारपर्यंत कुणी कुणाला होकार दिला तर चिटणीस दुसरी शोधा, असं मी त्याला बेहाल्याच्या त्या जिन्यात उभं राहून इतक्या मोठ्यानं सांगितलं की घोषबाई दार उघडून पाहायला आल्या. कौस्तुभ थांबला.

बुधवारी दुपारी श्यामरावांचाच फोन आला. "ये."

गेले तर टेबलावर एक आलेख पसरलेला. सियालदहजवळ कान तपासून देतात, तिथे ते सोमवारी एकटेच गेले होते. मी मनात म्हटलं, माणूस खचला असणार. पण श्यामराव त्या कागदावर भलतेच खूश होते.

"हे बघ. हा माझा उजवा कान, हा डावा. इथपर्यंत सपाट चाललंय, आणि इथून पुढे उतार. आणि इथे तर सरळ दरी! किती स्वच्छ काढलाय बघ आलेख. बाई हुशार होती. मशीन लावा म्हणाली, लावू. म्हटलं, बाई, हा माणूस वर्षानुवर्षं आपल्याच कानावर मोजमाप करत होता. ती इतकी हसली!" मग आवाज खाली आला. "दिव्याखाली अंधार, मंजुषा. रिसीव्हर तपासायचा राहिला."

नंतर त्यांनी मोठ्यानं हाक मारली. "अगं, बाहेर ये. कापूस काढून ये."

काकू दारात आल्या. पदराला हात पुसत, माझ्याकडे संशयानं पाहत.

"हिनं नाही सांगितलं," श्यामराव म्हणाले. "डबा मीच पाहिला. बस इथे."

बस म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत, दोन्ही बॉक्सच्या बरोबर मध्ये. तिथे काकू कधी बसलेल्या नव्हत्या. श्यामराव जमिनीवर बसले, उघड्या स्पीकरपुढे, हातात चिमट्यांच्या तारा.

"मी काय सांगणार? मला काय कळतंय यातलं?" काकू म्हणाल्या, पण बसल्या.

त्यांनी पद लावलं. आहे तसंच, ब्रेकशिवाय. काकूंनी दोन ओळी ऐकल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पद माझ्या माहितीतलं आहे. पण बाई कोण ही? किती किरटी!"

"तू," श्यामराव म्हणाले.

"काय?"

"नव्याण्णवचा गणपती. भवानीपूरचा हॉल. तू म्हटलं होतंस, मी टेप केलं होतं."

काकू ताठ झाल्या. "मी? छे! मी इतकी किरटी कधीच नव्हते. काय केलंत तुम्ही माझ्या आवाजाचं?"

मला हसू आलं होतं, पण श्यामराव हसले नाहीत. ते तारेशी चाळा करत होते.

"दरवर्षी तू मला थोडी लांब गेल्यासारखी ऐकू यायचीस," ते म्हणाले. "मला वाटायचं, स्पीकर थकला. म्हणून ब्रेक काढत गेलो."

मी सहसा रडत नाही. रडणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. त्या दिवशी मात्र मी खिडकीपाशी जाऊन रस्त्यावरच्या ऑटो मोजत राहिले, कारण आत पाहवेना. सव्वीस वर्षं तो माणूस एका आवाजावर सगळं जुळवत होता, आणि तो आवाज जिचा, ती शेजारच्या खोलीत दार लावून, कापूस घालून पोहे परतत होती. कुणाचीच चूक नाही आणि दोघांचीही आहे, असं ते प्रकरण होतं.

काकूंनी डोळे पुसले नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं, मग आता नीट करा."

आणि काम सुरू झालं. खालच्या मोठ्यावरचा यंदाचा दाब त्यांनी आधी काढून टाकला. श्यामराव एकेक रेझिस्टर चिमट्यात धरून जोडायचे. किती ओहम ते सांगायचे नाहीत. काकू ऐकायच्या आणि त्यांच्या भाषेत निकाल द्यायच्या. एकाला म्हणाल्या, "अजून 'स'ला नखं आहेत." दुसऱ्याला म्हणाल्या, "ही रजईत तोंड घालून गातेय." तिसऱ्याला, "बाई बरी आहे, पण टाळवाला तिच्या पुढे येऊन उभा राहिलाय." एकदा श्यामराव सवयीनं म्हणाले, "आता छान आहे." काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "तुम्हाला विचारलंय का?" श्यामराव मुकाट्यानं पुढचा रेझिस्टर शोधायला लागले. त्यांच्या संसारातला हा प्रसंग मी उभ्याउभ्या पाहिला, याचा मला आजही अभिमान आहे.

सहाव्या की सातव्या खेपेला निकालाऐवजी काकूंची मान हलली. मग त्या पदाबरोबर हलकेच गुणगुणायला लागल्या. माझ्याही कानात सुई गेली नाही. खोलीत एक बाई गात होती, मऊ, भरलेली, आणि टाळ मागे होते, जिथे टाळांनी असावं तिथे.

"हं," काकू म्हणाल्या. "ही मी."

श्यामरावांनी चिमटा सोडवून रेझिस्टर चष्म्याजवळ नेला. त्याच्यावरचे रंगीत पट्टे वाचले. मग वहीचं पहिलं पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. ८.२.

"म्हणजे वरचा बिचारा ठणठणीत आहे!" ते म्हणाले. "पहिल्या दिवशी होता तसा! मी उगाच इतकी वर्षं त्याला म्हातारा म्हणत होतो."

गुरुवारी कौस्तुभ येऊन ऐकून गेला. तो पूर्ण पद डोळे मिटून बसला, हे त्याच्यासारख्या माणसाच्या बाबतीत फारच झालं. साउंडवाल्याला नकार त्यानंच कळवला.

गणपतीत पहिल्या दिवशी बॉक्स स्टेजवर होते आणि बॉक्समागे श्यामराव. फरक एवढाच की तिसऱ्या रांगेत कडेला शैलाकाकूंची खुर्ची नेमून ठेवलेली होती. माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये आवाज वेगळा लागतो, म्हणून त्या तिथून खूण करणार होत्या. खुणा रेल्वेच्या, जुन्या पद्धतीच्या हाताच्या सिग्नलच्या. हात आडवा म्हणजे थांबा, गडबड आहे. हात खाली झुकला म्हणजे जाऊ द्या. आरतीला झांजा सुरू झाल्या आणि काकूंचा हात असा काही ताठ आडवा झाला की शेजारी उभ्या असलेल्या कौस्तुभच्या हातातली मोदकांची ताटली उडाली. श्यामरावांनी बटण जरा मागे घेतलं. हात झुकला. पुढच्या दोन रांगा जागच्या जागी होत्या, आणि शेवटपर्यंत होत्या.

पुढच्या रविवारी मी बेहाल्याला गेले. श्यामरावांच्या कानात नवं मशीन होतं, पण गाणं लावताना ते काढून डबीत ठेवत. त्यातून सगळं पत्र्यावर वाजल्यासारखं येतं म्हणे. वहीत नवी नोंद होती. साल, ८.२, आणि पुढे एक नवा रकाना आखून त्यात लिहिलेलं, 'कान : शैला'.

पद लागलं. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. मी श्यामरावांना विचारलं, "काका, तुम्हाला कसं ऐकू येतंय आता?"

"लांबून," ते म्हणाले. "पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरून कुणी बोलावं तसं. टाळ तर नाहीतच." त्यांनी तोंडावर हसू आणलं. "पण बरोबर वाजतंय ना? मग झालं. सगळ्यांना बरोबर यायला हवं."

त्या क्षणी मला समजलं की त्यांनी बॉक्स राखले ते काय देऊन. तेवढ्यात काकू झारा हातात घेऊन दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना सगळंच ऐकू येतं.

"अहो, मग कॅसेट कशाला हवी?" त्या म्हणाल्या. "मी घरातच असते."

त्यांनी स्टूल ओढून श्यामरावांच्या उजव्या बाजूला घेतलं, जरा बऱ्या कानाच्या, अगदी जवळ. स्पीकर बंद केला. आणि तेच पद म्हणायला लागल्या. आवाज सत्तरीचा, मधेच कापरा होणारा, वरच्या जागेला थोडा कमी पडणारा. श्यामराव डोळे मिटून बसले होते आणि त्यांचं बोट गुडघ्यावर टाळ धरत होतं.

पोहे अर्थातच खाली लागले. वास आम्हा दोघींना येत होता, पण पद मोडून उठायची माझी छाती झाली नाही आणि काकूंची इच्छा झाली नाही. मग आम्ही तिघांनी तेच पोहे खाल्ले.

"कसे झालेत?" काकूंनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि सवयीनं "वा" येणार, तोच श्यामरावांनी बोट वर केलं.

"खरं सांग हं. या घरात आता खरं सांगायचं."

"करपलेत, काकू," मी म्हटलं, आणि आणखी वाढून घेतले.